बसतो, पण पेलतो का?

"साइज तीच आहे, बिनधास्त टाका," असं टायरच्या दुकानात सांगतात. साइज जुळली की टायर रिमवर बसतो, एवढंच खरं. वजन किती पेलणार, हा आकडा साइजच्या लगेच पुढे छापलेला असतो. 104 म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त 900 किलो, 95 म्हणजे 690. सात माणसं आणि सामान भरलं की मोठ्या एसयूव्हीच्या मागच्या दोन चाकांवर दीड टन सहज येतो, म्हणजे एकेकावर 750 किलो. तिथे 95 चा टायर घरातून निघतानाच अपुरा असतो.

"उन्हाळा आहे, हवा थोडी कमी ठेवा." समृद्धी महामार्गावर निघणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो, आणि तो नेमका उलटा आहे. गाडीचं वजन टायरमधली दाबलेली हवा उचलून धरते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते आणि टायर आतून तापतो; ताशी 120 च्या वेगात तर फारच. चालल्यावर प्रेशर थोडं वाढतंच, ते कंपनीने हिशेबात धरलेलं असतं. गरम टायरची हवा सोडू नका. दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा आकडा असतो. सकाळी, टायर गार असताना तेवढी भरा. 2000 साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत मागवले, त्यातले बरेच फोर्ड एक्स्प्लोररचे. दोष टायरचा की फोर्डने सांगितलेल्या 26 पीएसआय एवढ्या कमी हवेचा, यावरून दोन्ही कंपन्या जाहीरपणे भांडल्या.

मोठी रिम म्हणजे दणकट चाक, हाही भ्रमच. 265/65 आर 17 काढून 265/50 आर 20 घातला, तर चाकाची उंची जवळपास तीच राहते, पण रबराची बाजू 17 सेंटिमीटरवरून 13 वर येते. खड्ड्यात रिमची कड आणि रस्ता यांच्यात तीच चिमटते. आतले धागे तुटले की बाजूला फुगा येतो. त्याला पॅच चालत नाही, टायर बदलावाच लागतो.

अलॉय रिम किंचित वाकली असेल तर चांगला कारागीर सरळ करून देतो. तडा गेलेली मात्र वेल्डिंग करून वापरू नये. दणका बसल्यावर बाहेरून चाक चकाचक दिसलं तरी ते उतरवून आतली कड बघा, कारण पुष्कळदा रिम तिथेच वाकते.