पोटातली धडधड

पोटावर गार जेल लावतात, बाळाचे ठोके ऐकवणारं डॉप्लर यंत्र टेकवतात, आधी नुसती खरखर आणि मग एकदम घोड्याच्या टापांसारखी टपटप टपटप! मिनिटाला साधारण 110 ते 160 ठोके. आईच्या नाडीपेक्षा खूप जलद, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्या आजीबाई घाबरतात. घाबरू नका, बाळाचं हृदय असंच धावतं.

मला मात्र जास्त अप्रूप हेच ठोके ऐकायच्या छोट्या कर्ण्याचं. 1895 मध्ये फ्रान्सच्या अडॉल्फ पिनार्ड यांनी तो केला. ना वीज, ना बॅटरी. रुंद तोंड पोटावर, दुसरं टोक कानाला. पंखा बंद करायचा, सगळ्यांनी गप्प बसायचं. पाचव्या महिन्याच्या आसपास त्यातून ठोके ऐकू येऊ लागतात. डॉप्लरवर बहुधा बाराव्या आठवड्याच्या सुमारासच.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या तायांनो, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे ठोके ऐकायला नक्की मागा.

ठोके जलद म्हणजे मुलगी, हे साफ खोटं. आणि मुलगा की मुलगी हे शोधूच नका: गर्भलिंग तपासण्याविरुद्ध देशात सर्वात आधी, 1988 मध्ये, कायदा केला तो आपल्या महाराष्ट्रानेच.

आणि घरी डॉप्लर मागवून त्यावर विसंबू नका. आईचीच नाडी बाळाची वाटू शकते. बाळाची हालचाल कमी वाटली, तर मशीन शोधत बसू नका. रात्र असली तरी रिक्षा करा आणि थेट दवाखाना गाठा.