भोरघाट ते आळंदी नदी : बांधकाम करारातली सचोटी

दौंड तालुक्यातल्या केडगावच्या शिवारातून जाणारा लोहमार्ग पुण्यापासून दिक्सळपर्यंत १८५८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून सलग गाडी यायला मात्र १८६३ उजाडले, कारण मध्ये भोरघाट होता. त्याचा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराकडे होता. पोटठेकेदारांकडे मजुरी थकली, १८५९ च्या सुरुवातीला मजुरांचा उद्रेक झाला आणि मार्चमध्ये फेव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. जाणत्या अभियंत्यांच्या हाती काम देऊन तिने घाट पुरा केला.

नवऱ्याने दिलेला शब्द तिने पाळला. पण कागदात लिहिलेले नसतानाही करारातल्या दोघांनी एकमेकांशी सचोटीने वागलेच पाहिजे, असे कायदा म्हणतो का? याचे उत्तर देशागणिक बदलते.

जर्मनीत १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेचे कलम २४२ प्रत्येक देणेकऱ्याला सद्भावाने वागायला सांगते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बांधकामापुरते आणखी स्पष्ट केले : काम चालू असताना दराचा किंवा वाढीव कामाचा वाद उपटला, तर करार मोडण्याआधी दोघांनी बोलून मार्ग शोधायचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्य आहे. फ्रान्सने २०१६ च्या दुरुस्तीत वाटाघाटी, करार आणि अंमलबजावणी या तिन्ही टप्प्यांवर सद्भाव बंधनकारक केला. करारात उलट कलम घालून तो टाळता येत नाही.

इंग्लंडचा स्वभाव वेगळा. तेव्हा तिथले सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या लॉर्ड्स सभेने १९९२ मध्ये ‘वॉलफर्ड विरुद्ध माइल्स’ प्रकरणात सद्भावाने वाटाघाटी करण्याचे बंधन अव्यवहार्य ठरवले. आपापले हित पाहणाऱ्या दोन पक्षांवर असे ओझे टाकता येत नाही, अशी ती भूमिका. तरीही त्याच देशात १८३८ च्या ‘होम विरुद्ध गपी’ खटल्यात न्यायालयाने मालकाला बजावले होते की, तूच जागा वेळेवर ताब्यात दिली नाहीस, तर उशिराचा दंड कापता येणार नाही. सर्वसाधारण तत्त्व नाकारायचे आणि नेमक्या अन्यायापुरता उपाय द्यायचा, ही इंग्रजी रीत. १९९३ पासून तिथे प्रचारात आलेल्या ‘एनईसी’ नमुना करारांत परस्परविश्वास आणि सहकार्याचे कलम पुढे दाखल झाले. कायद्याने जे दिले नाही, ते बांधकामवाल्यांनी कागदावर स्वतः लिहून घेतले.

आपला १८७२ चा करार कायदा इंग्रजी घडणीचा. त्यात सद्भावाचे सर्वसाधारण कलम नाही. पोर्तुगीज नागरी संहितेत वाढलेल्या गोव्यातही मुक्तीनंतर करारांसाठी हाच कायदा आला. जुनी संहिता उरली ती मुख्यतः कुटुंब आणि वारशापुरती. पण या कायद्याची कलमे नीट वाचली, तर सचोटी तुकड्यातुकड्यांनी सापडते. समोरच्याला काम करू न देणाऱ्याला कलम ५३ अडवते. कामासाठी वाजवी सोय करून न दिल्यास ठेकेदाराला तेवढ्यापुरती सूट, असे कलम ६७ सांगते.

या तुकड्यांची कसोटी लागते ती नदीच्या पात्रात. नाशिक डाव्या कालव्यावर आळंदी नदीवरून जलसेतू बांधायचे काम जुलै १९५५ मध्ये, ऐन पावसाळ्यात, ‘हिंद कन्स्ट्रक्शन’ला मिळाले. अंदाजित खर्च एक लाख सात हजार, मुदत बारा महिने. अतिवृष्टी झाली, कामावर जायला धड रस्ता नाही, आणलेला माल अधिकारी नाकारतात, अशी ठेकेदाराची तक्रार होती. त्याने मुदतवाढ मागितली. सरकारने ऑगस्ट १९५६ मध्ये करारच रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला जानेवारी १९७९ मध्ये, ठेकेदाराच्या बाजूने. ज्या करारात मुदतवाढीची आणि उशिराच्या दंडाची तरतूद आहे, तिथे वेळ हा कराराचा प्राण ठरत नाही. रद्द करण्याआधी सरकारने नवी वाजवी मुदत ठरवून नोटीस द्यायला हवी होती. सद्भाव हा शब्द मध्यवर्ती न ठेवताही न्यायालयाने त्याचेच काम केले. मला मात्र करार रद्द होण्यापासून निकालापर्यंत गेलेल्या बावीस वर्षांचे दुःख वाटते. एवढ्या काळात लहान ठेकेदार टिकतोच असे नाही.

शिवाय हे तुकडे पुरे पडतातच असेही नाही. २००७ च्या ‘रामनाथ इंटरनॅशनल’ प्रकरणात, उशिरासाठी फक्त मुदतवाढ मिळेल, भरपाई नाही, असे कलम सर्वोच्च न्यायालयाने लागू केले. फ्लॅटधारकाचे नशीब थोडे बरे : २०१९ मध्ये ‘पायोनियर अर्बन’ निकालाने बिल्डरच्या एकतर्फी अटी बांधील नसल्याचे म्हटले, आणि रेरा कायद्याने रचनेतल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षे बिल्डरवर ठेवली. फ्रान्समध्ये गंभीर दोषांसाठी हीच जबाबदारी दहा वर्षांची आहे. छापील निविदेवर सही करणाऱ्या लहान ठेकेदाराला असे छत्र नाही. ही विषमता मला पटत नाही. अटी ठरवताना त्याचाही आवाज फ्लॅटधारकाइतकाच क्षीण असतो.

दौंड-शिरूर पट्ट्यात घराची कामे बऱ्याचदा लेबर रेटवर, तोंडी बोलीवर होतात : सिमेंट-सळई मालकाची, मजुरी चौरस फुटावर, उचल अधूनमधून. इथे जर्मन संहिता येणार नाही. एक साधा कागद मात्र येऊ शकतो. जोते, स्लॅब, गिलावा अशा प्रत्येक टप्प्यावर दोघांनी मिळून मोजमाप घ्यायचे, त्यानंतर किती दिवसांत पैसे द्यायचे ते लिहायचे. माल मालकाकडून उशिरा आला तर तेवढे दिवस मुदतीत धरायचे. वाढीव काम सांगितले, तर त्याचा दर काम सुरू होण्याआधी वहीत लिहून दोघांनी सही करायची. वाद झाला तर काम थांबवण्याआधी दोघांना मान्य असलेल्या एखाद्या अभियंत्याला साइटवर बोलवायचे, आणि त्याची फी निम्मी-निम्मी भरायची.