आपले पाणी आपणच निस्तरणारे सभागृह

आपल्या आवारात सभागृह उभारण्याचा विषय निघाला, की चर्चा आसनसंख्या आणि वातानुकूलन यांपाशीच थांबते. त्या वास्तूचे सांडपाणी कोठे जाणार आणि विजेचे देयक वर्षानुवर्षे कोण भरणार, हे प्रश्न मागे पडतात. म्हणून कॅनडातील व्हँकूव्हर येथील परिषद केंद्राच्या पश्चिम इमारतीची रचना येथे समजून घेऊ.

२००९ साली खुली झालेली ही इमारत बंदराच्या काठी, काही अंशी पाण्यावरच उभी आहे. तिचे छप्पर सुमारे ६ एकरांचे. त्यावर मातीचा थर देऊन त्याच प्रदेशातील गवते व झुडपे, अशी ४ लाखांच्या आसपास रोपे लावली आहेत. ही बाग मिरवण्यासाठी नाही. लोकांना तेथे फिरण्यास मज्जाव आहे. माती उन्हाळ्यात दालने तापू देत नाही, हिवाळ्यात ऊब धरून ठेवते. मधमाश्यांच्या पेट्याही तेथेच आहेत.

समुद्राचे पाणी हवेइतक्या वेगाने तापत किंवा गारठत नाही. उष्मापंप उन्हाळ्यात इमारतीतील उष्णता त्या पाण्यात सोडतात आणि हिवाळ्यात त्याच पाण्यातून उष्णता घेऊन आत आणतात.

आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती सांडपाण्याची व्यवस्था. शौचालयांतील पाणी इमारतीतच शुद्ध होते; ते पुन्हा शौचालयांना आणि उन्हाळ्यात छपरावरील रोपांना दिले जाते. आपली घाण दुसऱ्याच्या दारी आणि अखेर दुसऱ्याच्याच हाती सोपविणाऱ्या रीतीची झळ आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. आपल्या संस्थेची वास्तू तरी ती रीत पुढे चालविणारी नसावी.

एकत्र बसण्याच्या वास्तूची परंपरा आपल्याला परकी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात विजेविना, एका भव्य कमानदार गवाक्षातून उजेड आत येतो. तेथील खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. आपले सभागृहही दानावरच उभे राहणार आहे.

समुद्राच्या पाण्याचे पंप आपल्याला परवडणार नाहीत, आणि येथे ते गैरलागूही आहेत. मात्र छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठविणे आणि वसतिगृहाचे सांडपाणी शुद्ध करून बागेला देणे, ही दोन कामे शक्य आहेत. त्यांचा खर्च ‘पुढे पाहू’ म्हणून न सोडता पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा, असे आम्ही बांधकाम समितीला सुचविले आहे.