पाल जेवत नाही तेव्हा...

पाल म्हटलं की होस्टेलमधले निम्मे लोक कॉटवर चढतात आणि उरलेले झाडू शोधतात. ती अंगावर कुठे पडली तर काय फळ मिळतं याचा तक्ता पंचांगात असतो. मनात संशय आला की चुकचुकते तीसुद्धा पालच! अशा बदनाम प्राण्याला कुणी हौसेने पाळतं, आणि ती जेवली नाही म्हणून रात्र-रात्र जागतं, हे सांगितलं तर आपल्या मेसमध्ये हशा पिकेल. पण अमेरिकेत आणि युरोपात पाल हा रीतसर पाळीव प्राणी आहे. त्यातही सगळ्यांत लोकप्रिय म्हणजे लेपर्ड गेको, आणि ‘माझी पाल जेवत नाही’ ही तिच्या मालकांची नेहमीची तक्रार. हा प्रश्न मला अस्सल इंजिनिअरिंगचा वाटतो. कसा ते सांगतो.

आधी ओळख करून घेऊ. लेपर्ड गेको ही मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. पिवळट अंगावर काळे ठिपके, म्हणून हे नाव. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. हिला मात्र हलणाऱ्या पापण्या असतात. पायाला चिकटणाऱ्या गाद्या नसल्याने ती भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच फिरते. दिवसा दगडाखाली झोपते, तिन्हीसांजेला बाहेर पडते आणि जिवंत किडे खाते. जास्तीची चरबी ती शेपटीत साठवते, त्यामुळे धडधाकट गेकोची शेपटी मुळ्यासारखी जाड दिसते. नीट सांभाळली तर ती १५ ते २० वर्षं जगते. म्हणजे आपल्या पाच डिग्र्या सहज होतील!

आता मुद्द्याकडे येऊ. आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं आणि ते तापमान टिकवायला आपण अन्न जाळतो. पालीकडे ही आतली भट्टी नाही, तिला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. याचा फायदा असा, की तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानाने तिला ऊर्जा फार कमी लागते, साधारण दहावा हिस्सा. म्हणून ती अनेक दिवस उपाशी राहू शकते. तोटा असा, की तिची पचनसंस्था बाहेरच्या तापमानाची गुलाम असते. शरीरातल्या रासायनिक क्रिया तापमान १० अंशांनी उतरलं की निम्म्या किंवा त्याहूनही मंद होतात. थंड पोटात गेलेला किडा पचत नाही, तो आत सडू लागतो. मग पाल काय करते? ती खातच नाही! आपण ज्याला हट्ट म्हणतो तो तिच्या शरीराचा शहाणपणा असतो. डिसेंबरात होस्टेलच्या ट्यूबलाइटजवळ पाली कमी दिसतात, त्यामागेही थंडीच असते.

म्हणून पाळलेल्या गेकोच्या काचेच्या पेटीत एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवतात. गरम बाजूची जमीन साधारण ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २४ ते २६. जेवण झालं की ती गरम बाजूला पोट टेकून पडते, उकडलं की दुसरीकडे जाते. आपण रेग्युलेटर फिरवतो, ती स्वतःच फिरते, एवढाच फरक.

यातलं बिघडतं कसं, त्याचं उदाहरण माझ्या मामाच्या घरचं आहे. मामा न्यू जर्सीत राहतो. माझ्या मामेबहिणीने एक गेको पाळली आहे, नाव बुंदी. (पिवळी आणि ठिपक्यांची, दुसरं काय नाव ठेवणार?) एका नोव्हेंबरात बुंदीने जेवण सोडलं. पहिला आठवडा कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मामी म्हणाली, ‘नवे किडे आणा.’ तिसऱ्या आठवड्यात बहिणीचा रडवेला व्हिडिओ कॉल आला: ‘दादा, ती मरणार का रे?’

भीती खोटी नव्हती. सप्टेंबरात ६२ ग्रॅम असलेली बुंदी आता ५७ ग्रॅमवर आली होती, म्हणजे आठ टक्क्यांची घट. गेकोंना क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीचा आजार होतो. त्यात शेपटी काडीसारखी बारीक होत जाते, आणि त्यावर अजूनही खात्रीचा इलाज नाही.

मी विचारलं, ‘पेटीत तापमान किती आहे?’ ती म्हणाली, ‘बत्तीस. थर्मोस्टॅटवर दिसतंय ना!’ मी म्हटलं, ‘थर्मोस्टॅटवर नको बघूस, ती जिथे बसते तिथलं मोज.’ मामाने इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, आपण कोविडमध्ये गेटवर कपाळावर रोखलेला बघायचो तसलाच दिसणारा. गरम बाजूची जमीन निघाली २४ अंश आणि थंड बाजू १९!

गोष्ट साधी होती. हीटिंग मॅट पेटीच्या काचेखाली होती आणि थर्मोस्टॅटचा सेन्सर त्या मॅटला चिकटवलेला. आत पूर्वी टिश्यू पेपर अंथरलेला असायचा. ऑक्टोबरात पेटी सुंदर दिसावी म्हणून त्याजागी दोन इंच कोकोपीट घातलं गेलं. कोकोपीट म्हणजे उत्तम इन्सुलेटर. मॅट ३२ अंशांवर पोचली की सेन्सर इमानेइतबारे ती बंद करायचा, पण ती उष्णता वर पोचतच नव्हती. त्यात थंडी सुरू झालेली आणि रात्री घरातलं हीटिंग कमी केलेलं. कंट्रोल सिस्टिम अगदी बरोबर चालत होती, फक्त भलत्याच जागेचं तापमान सांभाळत होती. कंट्रोलच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर आपण सगळ्यांनी सोडवला असता!

कोकोपीट काढून पुन्हा टिश्यू पेपर घातला. दुसऱ्या दिवशी जमीन ३२ अंशांवर आली. पण लगेच खायला दिलं नाही. आधी तीन-चार दिवस नुसती ऊब, ताजं पाणी आणि शांतता. दरम्यान मामाने तिला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं, विष्ठा तपासायला पाठवली. परजीवी सापडले नाहीत. सहाव्या दिवशी संध्याकाळी चिमट्यात धरून हलवलेला रातकिडा बुंदीने झडप घालून खाल्ला. जानेवारीत वजन ६१ ग्रॅम झालं.

अर्थात, प्रत्येक वेळी दोष हीटरचाच असतो असं नाही. म्हणून तपासण्याचा क्रम लक्षात ठेवावा.

पहिलं, तापमान. ती बसते त्या जागेवर, दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा मोजायचं.

दुसरं, जागा. पेटी नवी आहे का? नव्या घरी आलेली गेको आठवडा-दोन आठवडे बुजून खात नाही. लपायला गरम बाजूला, थंड बाजूला आणि एक ओलसर अशा तीन जागा हव्यात. ओलसर जागा नसेल तर कात नीट निघत नाही आणि बोटांभोवती राहिलेली कात दोऱ्यासारखी आवळते. कात टाकायच्या सुमारास अंग पांढुरकं होतं, तेव्हाही ती जेवत नाही.

तिसरं, ऋतू. विणीच्या काळात नर आणि अंडी धरलेली मादी कमी खातात. हिवाळ्यातही भूक मंदावते. शेपटी जाड आणि वजन स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही.

चौथं, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन दर आठवड्याला वहीत नोंद करायची. डोळ्यांना फरक दिसतो तोपर्यंत उशीर झालेला असतो.

डॉक्टरकडे ताबडतोब कधी जायचं? वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, शेपटी बारीक होऊ लागली, उलटी किंवा पातळ विष्ठा झाली, तोंडात सूज किंवा पू दिसला, पाय किंवा जबडा वाकडा वाटला तर. हाडं वाकणं हे कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण, म्हणूनच किड्यांना कॅल्शियमची पावडर लावून देतात. पेटीत वाळू असेल तर ती गिळून आतडं अडलेलं असण्याचीही शक्यता असते.

आणि काय करू नये? जबरदस्तीने भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि थंड पोटात ढकललेलं अन्न उपकारापेक्षा अपकारच करतं. भरवायची वेळ आली तर ते डॉक्टरांनी ठरवावं. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत, अशक्त पालीला तेच चावतात. आणि पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. याच जंतूंमुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

हे वाचून कुणाला रानातून पाल आणायची हुक्की येईल, म्हणून एक विनंती. लेपर्ड गेकोची भावंडं आपल्याकडेही आहेत. सातपुड्यातल्या एका जातीला तर २०१४ मध्ये ‘सातपुरेन्सिस’ असं शास्त्रीय नाव मिळालं. गैरसमजामुळे लोक त्यांना विषारी समजून मारतात, पण आपल्या देशातली कुठलीही पाल विषारी नाही. त्यांना तिथेच राहू द्यावं. त्यांचं तापमान सांभाळायला सातपुड्याचे दगड समर्थ आहेत.

ज्यांच्या नातेवाइकांकडे परदेशात अशी पेटीतली पाल आहे, त्यांनी मात्र हा लेख जरूर कळवावा. ती जेवत नसेल तर किडे बदलण्याआधी थर्मामीटर घ्या आणि ती जिथे पोट टेकते तिथे लावा.