जगन्नाथ टेकडी : एक नाव व एक अक्षर

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या उजव्या तीरावर पवनी हे प्राचीन नगर आहे. नदीचे घाट, जुन्या मातीच्या तटाचे अवशेष आणि पावलोपावली भेटणारी देवळे यांमुळे त्यास ‘विदर्भाची काशी’ असेही म्हणतात. गावालगतच्या एका उंचवट्यास लोक जगन्नाथ टेकडी म्हणतात. जगन्नाथाच्या दर्शनासाठी वर चढणाऱ्या भाविकास भोवतालचा सपाट, हिरवा मुलूख दिसतो. पायाखालची उंची निसर्गाने दिलेली नाही, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही.

नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले. तेव्हा या टेकडीच्या पोटात सुमारे ३८ मीटर व्यासाचा बौद्ध स्तूप निघाला. अर्थात ही टेकडी म्हणजे उपासकांनी रचलेली वास्तूच होय. पुढे तिचा विसर पडला, उंचवटा उरला, आणि त्यावर आलेल्या देवाचे नाव त्यास मिळाले. स्थलनामे बहुधा शेवटच्या रहिवाशाचीच साक्ष देतात. गावाच्या नावावरून सांगितली जाणारी ‘पवन राजा’ची कथाही म्हणूनच जपून घ्यावी. गावाच्या नावावरून राजा कल्पिल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी नाहीत.

भाषेच्या अभ्यासकास येथील ब्राह्मी लेख अधिक मोलाचे वाटतील. पाच फण्यांचा नाग व त्याच्या छायेत रिकामे आसन, असे एक शिल्प पवनीस मिळाले. बुद्धास मानवी रूपात दाखविण्याची प्रथा तेव्हा पडलेली नव्हती. वादळी पावसात बुद्धावर फणा धरणाऱ्या नागराजाची ही कथा आसनावरूनच ओळखावयाची. पाली ग्रंथांत या नागाचे नाव ‘मुचलिंद’. पवनीच्या शिल्पावर मात्र ‘मुचरिंद’. पाथरवटाच्या हातून झालेली चूक म्हणून हा रकार सोडून देणे मला प्रशस्त वाटत नाही. भारहूतच्या शिल्पावरही एलापत्र नागाचे नाव ‘एरपत’ असे कोरलेले आहे. अशोकाच्या पूर्वेकडील लेखांत ‘राजा’चा ‘लाजा’ होतो. येथे प्रवाह उलटा आहे. मराठीस तोही परका नाही. संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दातील अंत्य लकाराचा रकार होऊनच आपला ‘नांगर’ सिद्ध झाला. तथापि एवढ्यावरून विदर्भाची स्वतंत्र प्राकृत बोली कल्पिणे घाईचे होईल. नावे कथेबरोबर प्रवास करतात, आणि कोरणारा कारागीर कोठला होता हे दगड सांगत नाही.

स्तूपाच्या कठड्यावरील इतर लेख बहुतांशी दात्यांचे आहेत. ते त्रोटक आहेत : कोणाचे दान, एवढेच.

आज टेकडीवर जगन्नाथाचे भक्त येतात, तसेच स्तूप पाहण्यासाठी बौद्ध उपासकही येतात. पवनीनजीक रुयाड येथे अलीकडच्या काळात महासमाधिभूमी महास्तूप उभा राहिला असून तेथे दर वर्षी फेब्रुवारीत धम्ममहोत्सव भरतो. त्या गर्दीतील पुष्कळजण परतताना जुनी टेकडीही पाहून जातात, आणि वाट विचारताना ‘जगन्नाथ टेकडी’ हेच नाव घेतात.