चौकट : बावन्न दरवाजांचं शहर
मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी म्हणजेच आजचं छत्रपती संभाजीनगर. दरवाजे बावन्न म्हणतात. मोजायला निघालात तर थोडेच सापडतील. भडकल गेट अंबरचं, १६१२चं. दिल्ली गेट औरंगजेबाच्या काळातलं.

बीबी का मकबरा औरंगजेबाच्या पत्नीचा, दिलरास बानू बेगमचा. वास्तुकार अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, त्यामुळे तुलना टळत नाही. घुमट संगमरवरी, भिंतींवर बरीचशी चुन्याच्या गिलाव्याची नक्षी. तीही काही कमी देखणी नाही.

पाणचक्की मात्र चुकवू नका. सुमारे सहा किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आलेलं पाणी दाबामुळे उंच भिंतीवर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. याच पाण्यावर जातं फिरे; फकीर आणि यात्रेकरूंसाठी दळण होई.