ओटीवरची पणती

दीपावलीत तिन्हीसांजेस श्रीवर्धनच्या आळीतून चालावे. जांभ्याचे गडगे, उतरत्या कौलांच्या पडव्या, ओट्यांवर पणत्यांच्या ओळी आणि मागे पोफळींचा गर्द अंधार! १७१३ साली पेशवाईची वस्त्रे ल्यालेले बाळाजी विश्वनाथ भट याच मातीतले. लक्ष्मीनारायण, जीवनेश्वर, सोमजाई ही दैवतेही येथलीच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने कौले उडविली, पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. तोंडावर पावसाळा, ज्याने पत्रा घातला त्यास बोल कोण लावील? कौले महाग, शाकारणारा मिळेना. परंतु हाती पैसा आल्यावर धडधाकट ओटी पाडून सपाट स्लॅब ओतावा, हे आम्हांस रुचत नाही. ‘वास्तु’ शब्द ‘वस्’ धातूपासून, म्हणजे वसण्यापासून झाला. (कीर्तनात हे सांगितले की श्रोते माना डोलावतात आणि घरी जाऊन ठेकेदारास बोलावतात!) देऊळ जपावे आणि देवळाची वाट मात्र विद्रूप करावी, ही कसली भक्ती? उद्या पालखी दारी आली तर सुवासिनीने निरांजन घेऊन उभे राहावे कोठे?

नव्या सोयी अवश्य करा, पण परसदारी. रस्त्याकडची पडवी तेवढी कौलारू राहू द्या. वादळातून वाचलेली जुनी कौले अजून कित्येकांच्या वाडीत रचून ठेवली आहेत. ती शेजाऱ्यास मागा, तो नाही म्हणणार नाही.